कापलेल्या सागाचा वाढता घेर

मंदाबाईला कोणी विचारलं, "अक्का, सहा-साडेसहा वर्षं एवढा राग कसा धरून ठेवला?" तर ती म्हणते, "धरून कशाला ठेवायला लागतो? तो काय पळून जातो का?" हे ती हसत म्हणते, पण तिच्या हसण्यावर जाऊ नका. ज्याच्यावर तो राग होता, तो माणूसही तिच्या वरवरच्या शब्दांवरच गेला आणि फसला.

चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुडा जिथून चढायला लागतो तिथे, संशोधनासाठी राखलेली एकशे वीस सागाची झाडं होती. प्रत्येक झाडाला खिळ्याने ठोकलेला पत्र्याचा बिल्ला आणि त्यावर नंबर. मंदाबाई तिथे रोजंदारीवर चौदा वर्षं होती. दर पंधरा दिवसांनी एकेका झाडाभोवती फिरायचं, खोडकिड्याने पाडलेलं नवं भोक शोधायचं, खाली पडलेला भुसा बघून किडा आत जिवंत आहे का ते ओळखायचं आणि मोजलेल्या भोकाशेजारी ऑइलपेंटचा पांढरा ठिपका द्यायचा, म्हणजे पुढच्या वेळी तेच भोक दोनदा मोजलं जात नाही. मग नोंद रजिस्टरात. बाई चौथी पास, पण आकडा असा टपोरा काढायची की धुळ्याच्या ऑफिसातले कारकून तिचं रजिस्टर नव्या पोरांना दाखवायचे.

धुळ्याच्या ऑफिसात साहेब होते डॉ. कुंदन सरोदे. हुशार माणूस, नाही म्हणून चालणार नाही. त्यांनी खोडकिड्यावर एक लेप शोधला होता. साठ झाडांना लेप, साठ झाडांना काही नाही, आणि फरक मोजायचा मंदाबाईने. आता गंमत अशी की फरक पडेचना. लेप लावलेल्या झाडावरही किडा खुशाल आपलं भोक पाडत होता. साहेब एकदा जीप घेऊन आले, रजिस्टर चाळलं आणि गोड आवाजात म्हणाले, "मंदाबाई, लेपाच्या झाडांवर जरा कमी दिसतात का बघा बरं."

"साहेब, मी डोळे मिटले म्हणून भोक बुजतं का?"

झालं! ऑगस्ट दोन हजार सतरामध्ये कागद आला. 'नोंदी बनावट असल्याचे आढळून आल्याने कामावरून कमी करण्यात येत आहे.' खाली डॉ. सरोद्यांची सही. काम गेलं त्याचं तिला एवढं नव्हतं, हातापायांनी धड बाईला काम मिळतं. पण तो 'बनावट' शब्द तिच्याआधी गावात पोचला. ग्रामसभेत ती पाण्याच्या पाळीवरून उठून बोलायला लागली, तर मागून कोणीतरी ओरडलं, "बसा खाली, तुमचे आकडे माहीत आहेत आम्हाला!" सगळी सभा हसली. त्या दिवसापासून मंदाबाई ग्रामसभेत बोलली नाही. चौदा वर्षांत एक भोक जास्त नाही, एक कमी नाही, आणि वाट्याला काय आलं तर हे! तिला तिचा शब्द परत हवा होता. आणि ज्याने तो घालवला त्याला तिला खाली पडलेलं बघायचं होतं. मी उगाच तिला साधुसंत करणार नाही, दुसरी इच्छा पहिलीपेक्षा मोठी होती.

पुढे तिने आठ बायांचा गट बांधला. भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी, ठेचा. लग्नाच्या, मेळाव्याच्या ऑर्डरी यायला लागल्या. चुलीला चिपा लागतात म्हणून एका हिवाळ्यात ती चोपड्याला नासीरभाईंच्या सॉमिलवर गेली. चिपांच्या ढिगामागे, पत्र्याखाली, सागाची आखूड ओंडकी पडली होती. तिने सहज एक उलटं केलं आणि तिथेच खाली बसली. सालीने अर्धा गिळलेला पत्र्याचा बिल्ला. नंबर सदतीस. शेजारी पांढरे ठिपके, तिच्या हातचे.

"हे कुठून आलं, नासीरभाई?"

"वो सरकारी लिलाव का माल है, अक्का. विजेच्या टॉवरची लाइन गेली ना, तेव्हा पूर्ण प्लॉट तोडला. दोन हजार अठरा, जानेवारी. हे बघा, वनखात्याच्या हातोड्याचा ठसा, त्यातच हे साल. बिल्ल्याचा खिळा म्हणजे आमच्या पात्याचा काळ. म्हणून तेवढा तुकडा कापून फेकतो."

मंदाबाईने ढीग उपसला. बिल्ल्यासकट नऊ ओंडकी निघाली. तिने ती मागून घेतली. काय करायची, तेव्हा तिलाही माहीत नव्हतं.

माहीत झालं ते जानेवारी दोन हजार चोवीसमध्ये. जळगावला वनरोग आणि वनकीटकांची दोन दिवसांची परिषद होती, दीडशे पाहुणे, आणि दुपारचं जेवण मंदाबाईच्या गटाकडे. ऑर्डरीसोबत कार्यक्रमपत्रिका आली, ती तिने पाटावर बसून बोट ठेवून वाचली. पहिल्या दिवशी सकाळी डॉ. कुंदन सरोदे यांचं मुख्य व्याख्यान, 'सागावरील खोडकिड्याचे नियंत्रण: चोपडा प्लॉटवरील वीस वर्षांची निरीक्षणे, २००३ ते २०२२.' सायंकाळी त्यांनाच जीवनगौरव.

"दोन हजार बावीस?" मंदाबाई म्हणाली. "अरे भामट्या!"

सरळ होतं. साहेबाने तिला काढलं, तिच्या जागी कोणाला नेमलं नाही, स्वतः कधी प्लॉटवर फिरकला नाही. धुळ्यात खुर्चीवर बसून पाच वर्षं झाडांचे आकडे लिहीत राहिला. झाडं कधीच लिलावात गेली, हे त्याला ठाऊकच नव्हतं!

गटातली दिपमाला घाबरली. "अक्का, मोठ्या लोकांत आपण कशाला पडायचं? पुढच्या ऑर्डरी जातील, आठ घरं आहेत."

"मी तोंड उघडणार नाही. मी फक्त वाढणार."

सकाळी चहाच्या टेबलावर सरोद्यांनी तिच्याच हातून कप घेतला. "साखर कमी आहे, बाई," म्हणाले आणि पुढे गेले. ओळखलं नाही! चौदा वर्षं जिच्या अक्षरावर पेपर छापले, तिचं तोंड लक्षात नाही. मंदाबाईच्या पोटात उरलीसुरली दया असेल, तर ती तिथे संपली.

पाण्याचे जग घेऊन ती दाराशी उभी राहिली आणि व्याख्यान ऐकलं. पडद्यावर तक्ते येत होते. लेपाच्या झाडांवर भोकं घटत घटत शून्य. सदतीस नंबर तर साहेबांचं लाडकं उदाहरण, "हे बघा, किडीतून सावरलेलं झाड, दोन हजार अठरानंतर घेर नऊ सेंटीमीटरने वाढला." टाळ्या पडल्या.

जेवणाच्या टेबलांवर गरम पातेल्यांखाली काहीतरी ठेवायलाच लागतं. मंदाबाईने नासीरभाईंकडून नऊ ओंडक्यांच्या जाड चकत्या करून आणल्या होत्या, बिल्ला आणि हातोड्याचा ठसा नेमका राखून. सदतीस नंबर तिने अध्यक्षांच्या टेबलावर ठेवला, भरिताच्या पातेल्याखाली. आता कीटकवाल्या लोकांची एक खोड असते. त्यांच्यासमोर पंचपक्वान्न ठेवा आणि शेजारी भोक पडलेलं लाकूड ठेवा, ते लाकूडच उचलणार. अध्यक्ष डॉ. बोकारे नागपूरचे, पंच्याहत्तरीचे बुजुर्ग. त्यांनी पहिला घास घेतला, पातेलं सरकवलं, खिशातून भिंग काढलं.

"वा! खोडकिडाच," ते म्हणाले. मग बिल्ला दिसला. मग ठसा दिसला. त्यांचा घास तसाच राहिला. बाकीच्या टेबलांवरही पातेली सरकायला लागली. एकाने ओरडून नंबर सांगितला, दुसऱ्याने सकाळी घेतलेला तक्त्याचा फोटो मोबाइलमध्ये उघडून बघितला. भरीत थंड होत होतं आणि मंदाबाईला त्याचं जराही वाईट वाटत नव्हतं.

"सरोदे, इकडे या," बोकारे म्हणाले. "हा तुमचा सदतीस नंबर. ठसा दोन हजार अठराचा. तुम्ही सकाळी याचा बावीस सालचा घेर दाखवलात. कापल्यावर वाढला की हो!"

सरोदे पांढरे पडले, पण माणूस मुरलेला. "सर, मोजणी मजुरांची असते. तिथे एक बाई होती, खोट्या नोंदी करायची. तिनंच आम्हाला फसवलेलं दिसतंय."

भाकरीचं टोपलं घेऊन मंदाबाई मागेच उभी होती. गप्प राहायचं ठरवून आली होती, पण आता कुठलं गप्प!

"कोण बाई, साहेब? मी का?" तिने टोपलं टेबलावर आपटलं. "माले तुम्ही सतराच्या ऑगस्टमध्ये काढलं. तुमच्याच सहीनं. मग अठरा ते बावीस सालची भोकं कोणी मोजली, मन्हा भुतानं?"

सरोद्यांनी तिच्याकडे बघितलं आणि आता ओळखलं. बोकारे एवढंच म्हणाले, "चार वाजता समिती बसेल. बाई, तुम्हीही या. पुरस्काराचं तेव्हा बघू."

साडेतीनला ती मागच्या अंगणात परात घासत होती, तेव्हा सरोदे आले. एकटे. सकाळी 'बाई' होती, आता 'मंदाताई' झाली.

"मंदाताई, माझं सगळं आयुष्य यात आहे. तुम्ही समितीसमोर एवढंच म्हणा, की सॉमिलवर बिल्ले अदलाबदल झाले असतील, नक्की आठवत नाही. एक वाक्य. मी हात जोडतो."

मंदाबाईने पदराला हात पुसले. "म्हटलं असतं, साहेब. पण माझं ऐकणार कोण? खोट्या नोंदी करणारी बाई मी. तुम्हीच लिहिलंय, तुम्हीच आत्ता दीडशे माणसांत सांगितलंय."

"ते... तेव्हा रागात झालं."

"मग आता शांतपणे लिखी द्या. मंदाबाईच्या चौदा वर्षांच्या नोंदी खऱ्या होत्या, बनावट म्हटलं ते चूक होतं. सही, तारीख. माझ्या शब्दाला वजन आलं, की मी आत जाते आणि खरं काय ते सांगते."

बुडणारा माणूस आपण काय लिहितोय ते कुठे बघतो? त्यांनी परिषदेच्या वहीतलं पान फाडलं आणि भराभरा लिहिलं. तिने बोट ठेवून प्रत्येक शब्द वाचला, 'चौदा' राहिलं होतं ते घालून घेतलं, कागद घडी करून कमरेला खोचला.

चार वाजता तिने तो कागद बोकाऱ्यांसमोर उलगडून ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. तिच्या नोंदी खऱ्या, म्हणजे धुळ्याच्या रजिस्टरात तिने लिहिलेली, लेप लावूनही वाढणारी भोकं तीही खरी. म्हणजे लेप फुकट आणि त्याच्यावर उभं केलेलं सगळं फुकट.

"बिल्ले अदलाबदल झाले असतील का?" त्यांनी विचारलं.

"नाही, साहेब. हा सदतीसच. बिल्ला सालीनं अर्धा गिळलाय, तो कोण बदलणार? या चकतीवर माझे अकरा ठिपके शेतस, मोजून घ्या."

त्यांनी भिंग लावून मोजले. अकरा भरले.

"अहो, तुम्ही म्हणाला होतात..." सरोदे खुर्चीतून अर्धवट उठले.

"खरं काय ते सांगते म्हणाले होते. सांगितलं."

पुरस्काराची शाल खोक्यातून बाहेरच आली नाही. समितीने काय लिहायचं ते लिहिलं आणि एकेक जण मान खाली घालून निघून गेला. दाराशी सरोद्यांनी तिला गाठलं. डोळे लाल झाले होते.

"तुम्ही मला बुडवलंत."

"हो, बुडवलं," मंदाबाई म्हणाली, आणि बोकाऱ्यांकडे कागद परत मागायला गेली. त्याची झेरॉक्स तिला ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावायची होती.