पुठ्ठ्यावरचे पाय

फुकट काही देणाऱ्या माणसाकडे मी सरळ नजरेने बघूच शकत नाही. माझा नवरा तीन महिन्यांच्या कामासाठी दुसऱ्या शहरात गेला आणि तिकडचाच होऊन बसला, तेव्हापासून तर नाहीच नाही. त्यामुळे आमच्या कोपऱ्यावरच्या बूट दुरुस्तीवाल्याने मुलांचा फुटबॉल क्लब काढला आणि सगळी गल्ली त्याचे गोडवे गाऊ लागली, तेव्हा माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. याला काय मिळतं यातून?

मुलं त्याला अंगठेकाका म्हणायची. मूल बूट घालून उभं राहिलं की तो वाकून बुटाच्या टोकावर अंगठा दाबून बघायचा. पुढे अंगठाभर जागा असली तरच जोड द्यायचा. समोर मीही त्याला ‘काका, तुम्ही’ म्हणायची. मनात मात्र ‘तो’च.

क्लब निघाला तोही बुटांतूनच. कुणीतरी फुटबॉलचे लहान बूट दुरुस्तीला टाकून गेलं आणि न्यायला आलंच नाही. त्याने ते शेजारच्या पोराला दिले, एका अटीवर. लहान झाले की परत आणायचे आणि मोठे न्यायचे. मोठे कुठून आणणार होता, ते त्यालाही ठाऊक नसावं. पण लोकांच्या माळ्यांवरून, पलंगांखालून जुने जोड निघू लागले. हा त्यांना टाके घालायचा, नवे तळ चिकटवायचा आणि फळीवर मापाप्रमाणे मांडून ठेवायचा. अकरा जोड झाले तेव्हा एक गिऱ्हाईक हसत म्हणालं, “अहो, हा तर संघच झाला की!” झालं. ज्या माणसाने जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता, त्याने संघ उभा केला. तीन वर्षांत एकाचे सहा संघ झाले, त्यात दोन मुलींचे. मैदानाच्या कडेला पत्र्याची शेड आली. शंभरावर मुलं झाली. मी म्हणायची, निवडणुकीला उभं राहायचं असेल. तो काही राहिला नाही. मग मी म्हणायची, पोरं मोठ्या क्लबला विकत असेल. तेही दिसेना. माझा संशय आणखीच वाढला.

खरं कारण सांगते. लपवण्यासारखं माझ्याकडेच होतं.

माझ्या मुलाचं नाव घातलं तेव्हा संघ एकच होता, बारा वर्षांखालचा. मुलगा तेरा पूर्ण झालेला. बाप गेल्यापासून शाळेतून आला की भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. अंगाने काटकुळा होता, म्हणून मी अर्जावर दोन वर्षं कमी लिहिली आणि घरी येऊन त्याला बजावलं, “कुणी विचारलं तर अकरा. झोपेत विचारलं तरी अकरा.” महिनाभरात पोरगं जेवताना बोलायला लागलं. त्या खोटेपणाचा मला पश्चात्ताप झाला नाही, अजूनही पुरता होत नाही. भीतीने मात्र मनात कायमचं घर केलं. इयत्ता विचारणाऱ्यांसाठी ‘हुशार आहे, दोन वर्ग पुढे बसवलाय’ अशी थापही मी तयार ठेवली होती.

वर्षापूर्वी क्लबला लीगमध्ये प्रवेश मिळाला आणि माझी झोपच उडाली. मोठ्या मुलांचा संघ पंधरा वर्षांखालचा, आणि माझा मुलगा नेमका पंधरा पूर्ण. एक जरी जास्त वयाचा खेळाडू सापडला तर अख्खा क्लब बाहेर, असा नियम. म्हणजे माझ्या दोन वर्षांपायी शंभर मुलं घरी बसणार. मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला. रविवारी चादरींचे ढीग असतात, त्यामुळे सामना कधी बघता आला नाही. संध्याकाळी विचारायची, “आज किती?” तो म्हणायचा, “जिंकलो.” मी सुटकेचा श्वास सोडायची आणि पुढच्या रविवारची काळजी करायला घ्यायची.

अंगठेकाकाची आणखी एक पद्धत होती. जोड बदलताना तो मुलाचा पाय पुठ्ठ्यावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायचा आणि खाली तारीख घालायचा. दर मुलाचा एक पुठ्ठा. एकदा सहज म्हणाला, “ताई, तुमच्या मुलाचे पाय वाढायचे थांबले की.” बाकीच्या पोरांना वर्षात दोन जोड पुरत नव्हते आणि माझा वर्षभर त्याच मापात! त्या दिवसापासून मी डोळ्यांत तेल घालून त्या दुकानावर पाळत ठेवली. शेजारच्या गल्लीतल्या क्लबचा शिक्षक त्याच्याकडे टाच ठोकून घ्यायला आला, तेव्हा तर हा आमचं वय फोडतोय अशी मी खात्रीच करून टाकली. टाचेला इतका वेळ लागतो होय?

मग शेडच्या दारावर नोटीस लागली. लीगचे साहेब रविवारी येऊन प्रत्येक खेळाडूचा जन्मदाखला तपासणार होते. दाखला हरवला म्हणून सांगता आलं असतं, पण त्या पुठ्ठ्याचं काय?

शनिवारी दुपारी मी माझ्या चपलेचा पट्टा स्वतःच्या हाताने तोडला आणि दुकानात गेले. तो दोरा शोधायला आत वळला तसा मी पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात हात घातला. आमचा पुठ्ठा सापडला. शेवटच्या तीन रेघा एकमेकींवर अशा बसल्या होत्या की एकच जाड रेघ वाटावी. मी तो पदराखाली सारणार, इतक्यात तो म्हणाला, “न्या हवा तर. आता त्याचा उपयोग नाही.”

मी रंगेहाथ सापडले होते, म्हणून उलट त्याच्यावरच डाफरले. “कुणाकुणाला सांगितलंत?”

“मी कशाला सांगू? मलाच सांगितलं गेलं.”

“कुणी?”

“तुमच्या मुलाने. वर्ष झालं. लीगचे अर्ज आले त्याच दिवशी इथे येऊन बसला. म्हणाला, काका, मला खेळवू नका, माझं वय खोटं आहे.” त्याने चपलेतून दोरा ओढला. “तेव्हापासून एकही सामना खेळला नाही तो. लहानग्यांना शिकवतो, रेषेवर झेंडा धरतो. पण मला शपथ घातली होती, आईला कळता कामा नये. म्हणाला, तिला वाटेल, तिचं खोटं मी चव्हाट्यावर आणलं.”

मी सगळ्या जगावर नजर ठेवली आणि घरातल्या घरात वर्षभर फसले. राग आला, लाज वाटली, आणि कशाचं जास्त ते कळेना. काकांनी चप्पल पुढे केली. “पट्टा चांगला होता हो,” ते एवढंच म्हणाले.

रविवारी मी रजा टाकली. शेडसमोर टेबल मांडून साहेब दाखले तपासत होते, आणि पोरं रांगेत उभी होती. माझा मुलगा रांगेत नव्हता. तो पलीकडे गुडघ्यावर बसून एका चिमुरडीच्या बुटाची नाडी बांधत होता. मला बघून चपापला.

रांग संपली. सगळे दाखले बरोबर निघाले. साहेबांनी दुसरा कागद घेतला. “यंदापासून झेंडेवाल्याचीही नोंद हवी. रेषेवर झेंडा कोण धरणार?”

“हा,” झेंडा घेऊन जवळ आलेल्या माझ्या मुलाकडे बोट दाखवत काका म्हणाले.

“वय?”

मी मागेच उभी होते. तीन वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं, “चौदा.”

“मग जमणार नाही. सोळा पूर्ण लागतात.”

मुलाने माझ्याकडे पाहिलं. हातातला झेंडा त्याने गुंडाळला आणि टेबलावर ठेवला. मला खोटं पाडण्यापेक्षा त्याने तो सोडून दिला. काका काही बोलणार होते, पण मी त्यांना बोलू दिलं नाही.

“साहेब, सोळा आहे तो. गेल्या महिन्यात पूर्ण झाली. मी खोटं बोलले. पहिल्यापासून मीच बोलतेय, त्याने नाही.”

साहेबांनी चष्म्यावरून मला नीट न्याहाळलं. मी लोकांना न्याहाळते तसंच. “आत्ता चौदा, आता सोळा? बाई, नुसत्या आईच्या शब्दावर मी नाही लिहीत. दाखला आणा.”

“घरी आहे,” मी म्हणाले. “आणते.”

“तू थांब, आई,” मुलगा म्हणाला. “कुठे लपवलायस ते मला माहीत आहे.”