अनंताच्या मागाचा चढ

वळ गावात अनंता भोईरच्या ओटीवरून आता नुसती गोदामं दिसतात. एकतीस वर्षं त्यानं निजामपुऱ्यात कापड विणायचा लूम चालवला. तो कारखाना कधीच भंगारात गेला. अजूनही शेजारी कुणी मशीन सुरू केली की तो कान टवकारतो.

नववीतली नात मृणाली परवा आलेखाची वही घेऊन वैतागून बसली होती.

"आजोबा, रेषेचा चढ म्हनजे काय तेच कळत न्हाय."

"वाचून दाखव बघू."

तिनं वाचलं, "आडव्या अक्षावर एक घर पुढं गेल्यावर रेष जितकी वर चढते, तो तिचा चढ." अनंता हसला. "अगं, ह्यापायीच तर माझी नोकरी वाचली!"

तेव्हा तो पंचविशीचा होता. शेजारच्या लूमवर चांगदेव. शिफ्ट संपताना चांगदेवचा रोल जाडजूड, अनंताचा बारीक. मुकादम सगळ्यांसमोर ओरडला, "काम करायला येतोस की बिड्या फुंकायला? उद्यापासून येऊ नको!"

"एक दिवस द्या," अनंता म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दर तासाला त्यानं दोन्ही लूमच्या कापडाच्या काठावर खडूनं खूण केली. संध्याकाळी कापड उलगडून मुकादमासमोर मोजलं. चांगदेवच्या रोलवर आदल्या शिफ्टचंच वीस मीटर होतं. त्यापुढं दर तासाला चार मीटर. अनंताचा रोल रिकामाच सुरू झालेला, आणि दर तासाला तीन मीटर. आठही तास तीनच.

"मी बाहेर गेलो असतो तर एखाद्या तासाला दोन भरलं असतं, एखाद्याला चार. हे सारखं तीन हाय. खोट मशीनमधी हाय."

मोटरचा पट्टा सैल निघाला. तो बदलल्यावर अनंताच्या खुणाही चार मीटरवर पडू लागल्या. मुकादम स्वतः चहा घेऊन आला.

मृणालीनं दोन रेषा काढल्या. चांगदेवची विसापासून निघालेली, जास्त उभी. आजोबांची शून्यापासून, जरा कमी उभी.

"म्हनजे रोल किती जाड ते न्हाय, दर तासाला किती वाढतं तो चढ!"

"हां. आन् लूम बंद पडला तर?"

"मग रेष आडवी जाईल."

"खाली न्हाय ना येत?"

"खाली कशी येईल? विणलेलं कापड कुठं जातंय?"

अनंतानं वही जवळ ओढली. मग म्हणाला, "चांगदेवला दाखवायला पायजे हे. कशेळीला ऱ्हातो तो, लेकीकडं. रविवारी येशील माझ्यासंगं?"