सशाला वाचवायला निघाले तेव्हा

त्या वर्षी मी एकोणचाळीस वर्षांची होते आणि स्वतःला फार दयाळू समजत होते. दोन्ही दुखणी पुढे आपोआप बरी झाली.

जपानात, सेंदाई शहरापासून बसने तासाभरावर, डोंगराच्या पायथ्याशी आम्ही भाड्याने राहायचो. खाली घरमालक आजी-आजोबा, वर आम्ही. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी आजोबा जिन्यात उभे राहिले आणि वाकून म्हणाले, "उद्या मला तुमचा आवाज हवाय."

सशाच्या शिकारीत बंदूकवाला वर माथ्यावर थांबतो आणि बाकीचे खालून हाकारा घालत चढतात. ससा बिचकला की चढणीकडेच धावतो, मागचे पाय लांब ना. आजोबांचे हाकारा घालणारे सोबती एकेक करून गळाले होते. काहींचे गुडघे गेले, काही स्वतःच गेले.

"तुम्ही फोनवर आईशी बोलता ते आम्हाला टीव्ही चालू असतानाही ऐकू येतं," आजोबा अत्यंत आदराने म्हणाले.

दुसरा दिवस मोसमाचा शेवटचा होता, आणि आजोबांच्या शिकारीचाही. नजर अधू होत चालली होती. यापुढे परवाना नाही, बंदूक देऊन टाकायची, असा शब्द त्यांनी आजींना दिला होता. त्या हिवाळ्यात एकही ससा मिळाला नव्हता. शेवटचा एक मिळावा, एवढंच त्यांना हवं होतं.

"अगं, झुरळ दिसलं तर तू मला ऑफिसात फोन करतेस," आमचे हे म्हणाले, "आणि निघालीस शिकारीला?"

"म्हणून तर निघालेय."

बेत पक्का होता. आजोबा माथ्यावर पोचायच्या आधीच बोंब ठोकायची. ससा निसटेल, आजोबांना कळणारही नाही, आणि जन्मात मांसाला न शिवलेल्या बाईच्या खात्यावर आयतं पुण्य.

सकाळी लख्ख ऊन होतं. पाय रुतू नयेत म्हणून बुटांना लाकडी कडी बांधून बर्फावर चालायचं. दर दहा पावलांवर मी बसकण मारत होते, आणि तेवढं मात्र बेतात नव्हतं. आजोबांच्या खांद्यावर बारीकशी दुनळी बंदूक होती, अगदी हलकी. म्हाताऱ्याला जड बंदूक म्हणजे दुसरं म्हातारपण, असं त्यांचं म्हणणं.

देवदारांच्या कडेने सशाचे ठसे गेले होते. उघड्या उतारावर आले आणि मध्येच संपले. पुढे कोरा बर्फ, दोन्ही बाजूंना कोरा बर्फ. जवळ झाड नाही, बीळ नाही.

मी वर आकाशाकडे बघितलं. खरंच बघितलं.

आजोबा हळूच खाली बसले. "इथवर आला, वळला, आणि आपल्याच ठशांत पाय टाकत मागे गेला," ते कुजबुजले. "मग कुठून तरी बाजूला लांब उडी. मागावर आलेला कोल्हा इथे येऊन वेडा होतो."

म्हणजे कोल्हा आणि मी एकाच पंगतीत.

"चाळीस वर्षं बघतोय, अजून खरं वाटत नाही." त्यांनी टोपी काढली. "जवळच असेल. आपलं बोलणं ऐकत असेल."

समोर नुसता बर्फ होता, आणि त्या बर्फाला कान होते.

"वर पोचलो की शिट्टी वाजवतो, मग सुरू करा," असं सांगून ते झाडांआड गेले. सत्तरीचा माणूस, त्यात चढ. मी अर्धा तास धरला आणि दहाव्या मिनिटालाच गळा मोकळा सोडला. "पळ रे! पळ!" फांद्यांवरचा बर्फ पडला, पण हललं कोणी नाही. मी ओरडत वर सरकत राहिले.

आणि चार पावलांवर बर्फच उठून उभा राहिला.

पांढराशुभ्र. फक्त कानांची टोकं काळी. एका डोळ्याने त्याने मला बघितलं आणि माझा प्रसिद्ध आवाज घशातच राहिला. इतकं जिवंत काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मग तो सुटला, सरळ वर. वर नारिंगी जाकीट. आजोबा केव्हाच पोचले होते. हा माणूस जन्मापासून हा डोंगर चढतोय, हे माझ्या हिशेबात आलंच नव्हतं.

"अरे, तिकडे नको! इकडे फिर!" मी शुद्ध मराठीत किंचाळले. प्रत्येक किंकाळीला त्याची झेप लांब होत गेली.

बार किती लहान वाजला! बर्फाने तो गिळूनच टाकला.

मी पोचले तेव्हा आजोबा सशापाशी गुडघ्यांवर बसून हात जोडत होते. रिकामं काडतूस त्यांनी उचलून खिशात टाकलं. "शिट्टीची वाटही बघितली नाहीत," ते म्हणाले. डोळे ओले होते. "आणि शेवटी तर कमाल केलीत. असा हाकारा मी कधी ऐकला नाही."

"मी त्याला वाचवत होते," मी म्हणाले. हे नम्रपणे कसं म्हणतात ते मला जपानीत येत नव्हतं.

आजोबांनी माझ्याकडे वळून बघितलं. आता रागावणार, असं वाटलं.

"मग मला कशाला सांगता? त्याला सांगा." आणि त्यांनी ससा माझ्या हातांवर ठेवला.

गरम होता. वाटला त्याहून कितीतरी जड. पोटाकडची लव इतकी मऊ, की बोटांना तिचा स्पर्शच कळेना. "माझ्यामुळे गेलास रे," मी म्हटलं. आजोबांनी अर्थ विचारला नाही. खालपर्यंत तो मीच आणला. वाटेत एकदाही पडले नाही.

दुपारी आजींनी मुळा आणि मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा गोळा, घालून त्याचा रस्सा केला. आजोबांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. आजींना माझं शाकाहारी असणं ठाऊक, म्हणून माझ्या वाटीत त्यांनी निवडून नुसता मुळा वाढला होता.

"त्याचाही एक तुकडा वाढा," म्हणत मी वाटी परत पुढे केली.