साडीनं बांधलेला पाय

मंडळी, आज लिंबायत वस्तीतल्या बायकांच्या माझ्या इंग्रजीच्या वर्गात शिकवत होते. ‘हॅण्डकफ्स’ म्हणजे हातातल्या बेड्या, ‘फेटर्स’ पायातल्या. ‘शॅकल्स’ हाताच्याही असतात, पायाच्याही.

साड्यांना खडे लावणारी वंदनाताई म्हणाली, “मॅडम, आन साडीनं बांधलं तर?”

सगळ्या हसल्या. ती हसली नाही.

“सासऱ्यांना काही आठवत नाही. बाहेर पडले की हरवतात. आम्ही दोघं कामाला गेलो की त्यांचा पाय खाटेला बांधून ठेवतो. दोरी काचते ना, म्हणून मऊ साडी.”

यासाठी मी शब्द शोधणार नाही. उद्यापासून तिचे सासरे दुपारी माझ्या वर्गात बसतील, पहिल्या बाकावर, मोकळ्या पायांनी. तिलाही तसं सांगून आलेय.

सकाळी त्यांच्याजवळ कोण बसेल? फक्त हळहळू नका, आपलं नाव सांगा.