खिडकी कोण उघडणार?

आमचं ऑफिस बंद होऊन बरीच वर्षं झाली. फायली रद्दीत गेल्या, कॉम्प्युटर भंगारात गेले. किस्से मात्र कुणी घेईना, ते माझ्याकडेच साठून राहिले. परवा जुने मित्र भेटले, म्हणाले, "तुझ्या त्या हवेच्या धंद्यातलं सांग की कायतरी, हसू जरा." हसोत बापडे. मला स्वतःला पूर्वीसारखं हसू येत नाही, तो भाग वेगळा.

आधी धंदा समजून घ्या. इमारत बांधण्याआधी ती कॉम्प्युटरवर बांधायची, तिच्यावर वर्षभराचं ऊन-वारं सोडायचं आणि आत किती उकडेल, वीज किती लागेल ते काढायचं. याला सिम्युलेशन म्हणतात. जिथं खिडक्याही आहेत आणि पंखे-एसीही आहेत, तिथं कधी काय चालवायचं ते ठरवणं, ही आमची खासियत. बाहेर गार असलं की खिडक्या उघड्या, यंत्र बंद. बाहेर तापलं की खिडक्या बंद, यंत्र चालू. कॉम्प्युटरमध्ये एक ओळ लिहिली की खिडकी उघडते. प्रत्यक्षात ती कोण उघडणार, हे आम्हाला सहसा कुणी विचारायचं नाही आणि आम्हीही तो विषय काढायचो नाही.

कोल्हापुरातल्या त्या ऑफिसात आम्ही तिघं. मालक इनामदार सर, मी, आणि कागलहून रोज एसटीनं येणारी महादेवी. आमच्यात खरं डोकं तिचंच होतं.

*

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कोल्हापूरचं हवामानच नव्हतं! पुण्याचं होतं, तेच वापरायचो. एका शिक्षणसंस्थेच्या चेअरमनना सरांनी तासभर रंगीत ग्राफ दाखवले. चेअरमन पान चघळत शांतपणे बघत होते. शेवटी त्यांनी मला विचारलं, "ह्यात वारं कुठलं धरलंय?"

मी पडलो सरळ माणूस. म्हणालो, "पुण्याचं."

"मग शाळा पण तिकडंच बांधूया की!"

काम गेलं. जिना उतरताना सर माझ्यावर उखडले, "त्यानं इचारलं म्हणून तू सांगायचं व्हय?"

तेव्हापासून मी शहाणा झालो. फार लवकर झालो.

*

आमचं स्वतःचं ऑफिस उद्यमनगरात एका माळ्यावर होतं. एकच खिडकी, आणि तिच्या बरोबर खाली पिठाची गिरणी. खिडकी उघडली की कीबोर्डवर पीठ, म्हणून ती कायम बंद. मे महिन्यात आम्ही तिघं घामानं निथळत लोकांच्या इमारतींत वारा खेळवायचो. एकदा महादेवी म्हणाली, "सर, एक एक्झॉस्ट फॅन तरी बसवूया की."

सर म्हणाले, "हवा रिपोर्टात पाहिजे, ऑफिसात न्हवं!"

*

मग एका बँकेचा हॉल केला. तिथं आम्ही खिडकीला सेन्सर बसवायला सांगितला होता. खिडकी उघडली की एसी आपोआप बंद, म्हणजे गार हवा बाहेर जायला नको. कागदावर झकास.

महिनाभरात मॅनेजरचा फोन. एसी चालतच नाही! आम्ही गेलो. बघतो तर साहेबांच्या खुर्चीमागची खिडकी सताड उघडी. मी म्हणालो, "साहेब, ही लावून घ्या, लगेच चालू होईल."

"ती लावून कसं चालंल? तंबाखू थुकायला खिडकी लागतीया."

"मग एसी बंद राहणार."

"आणि घाम आला की एसी लागतोय. एवढं न्हाय कळत तुमच्या कॉम्प्युटरला?"

शेवटी शिपायानं सेन्सरला लोहचुंबक लावून वर चिकटपट्टी मारली, म्हणजे त्याला खिडकी कायम मिटलेलीच वाटावी. खिडकी उघडी, एसी चालू, साहेब थुकायला मोकळे. पुढची कित्येक वर्षं ते मशिन अख्ख्या रस्त्याला गार करत होतं. आमच्या माहितीपत्रकात मात्र त्या हॉलचा फोटो 'वीज बचतीचा नमुना' म्हणून पहिल्या पानावर होता!

*

पुढची चूक शंभर टक्के माझी. एका हौशी माणसानं मंगल कार्यालय बांधलं आणि खिडक्यांना मोटरी बसवल्या. नियम मी लिहिला. आत सत्तावीसच्या वर गेलं की उघड, सत्तावीसच्या खाली आलं की मिट. आता उघडायचा आणि मिटायचा आकडा वेगळा ठेवायचा असतो, मध्ये दोन अंशांची ढिलाई सोडायची असते. मी एकच ठेवला. कॉम्प्युटरवर खिडक्या दिवसभर उघडमीट करत होत्या, त्यामुळं ग्राफवरची रेघ जाड काळी आली होती. मला वाटलं, प्रिंटरला शाई जास्त झाली.

उद्घाटनाचंच लग्न. मंगलाष्टकं सुरू झाली. खिडक्या उघडल्या, वारं आलं, गार झालं, मिटल्या. परत गरम झालं, उघडल्या. सगळ्या एकदम, खटाक्! भटजी जोरात 'सावधान' म्हणायचे आणि मागनं खटाक्! बायका दचकून मुलांना जवळ ओढायला लागल्या. नवरीच्या मामांनी वर बघत मला विचारलं, "पावणं, खिडक्यांस्नी बी वरातीत नाचायचं हाय काय?"

लोक पोट धरून हसले. कार्यालयाच्या मालकानं त्याच दिवशी मोटरींची वायर तोडली. खिडक्या त्या वेळी मिटलेल्या होत्या, त्या तशाच मिटलेल्या राहिल्या. त्या हॉलमध्ये नंतर लोक घामाघूम होऊन जेवायचे आणि यजमानांच्या नावानं बोटं मोडायचे.

*

आता हे पुढचं. मित्रांना मी हे सांगत नाही.

कागलला कपडे शिवण्याची एक शेड होती. वर पत्रा, आत दोनेकशे बायका मशिनवर. मालकाला बारा मोठ्या एक्झॉस्ट फॅनपैकी आठ काढायचे होते. खिडक्या आहेत, वारं आहे, मग फॅन कशाला, असं त्याचं म्हणणं. तसा रिपोर्ट हवा होता.

मॉडेल महादेवीनं केलं. आत किती तापेल त्याची रेघ तिनं दाखवली, तर ती ग्राफच्या छताला टेकलेली! सर म्हणाले, "खिडक्या उघडल्या न्हाईस वाटतं?"

"त्या उघडत न्हाईत, सर. बाहेरनं खिळं मारल्यात. माल खिडकीतनं जाईल म्हणून."

"तुला कुणी सांगितलं?"

"अव्वा तिथंच कामाला हाय." अव्वा म्हणजे तिची आई. त्या बाजूला आईला असंच म्हणतात. "चार फॅनवर उन्हाळा न्हाय निघायचा, सर. माणसं पडतील तिथं."

सरांनी आर्किटेक्टचं ड्रॉइंग टेबलावर पसरलं. "ह्यात खिडकी हाय का न्हाय?"

"हाय."

"खिळं दिसत्यात काय कुठं?"

महादेवी म्हणाली, "मी न्हाय करणार, सर," आणि कॉम्प्युटरसमोरून उठली.

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी तिच्या खुर्चीत बसलो आणि एक ओळ टाइप केली. खिडक्या उघड्या, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. रेघ झर्रकन खाली आली. ती माझ्या मागेच उभी होती. सरांनी सांगितलं म्हणून केलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आलो, पण बोटं माझी होती आणि मला सगळं माहीत होतं. लाज वाटते अजून.

आठ फॅन निघाले. महिनाअखेरीला महादेवीनं काम सोडलं. जाताना तिनं मला तिची फूटपट्टी परत मागितली, दुसरं काही नाही.

*

उन्हाळ्यात शेडमध्ये दोघी मशिनवरच चक्कर येऊन पडल्या. तक्रार झाली. मालकानं सरांना निरोप धाडला, "तुमच्या रिपोर्टाप्रमाणं हाय का न्हाय, समक्ष मोजून लिहून द्या."

आदल्या दिवशी मालकाला फोन करून आम्ही थर्मामीटर घेऊन गेलो. शेडच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या! वारं आरपार वाहत होतं, टेबलावरचे कापडाचे तुकडे उडत होते. चौकटींना ताजी भोकं दिसत होती. बाहेर वॉचमन स्टुलावर बसला होता, मांडीवर हातोडी, शेजारी डब्यात खिळे. आम्ही कधी जातोय याची वाट बघत होता.

आकडा आमच्या मॉडेलशी तंतोतंत जुळला. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बघ! ह्याला म्हणत्यात सिम्युलेशन!" आणि ते मालकाबरोबर चहाला गेले.

मी ओळीओळीतनं थर्मामीटर हलवत होतो. एका मशिनवरच्या, कपाळाला विभूती लावलेल्या बाईंनी पाय थांबवला. "तुम्ही आमच्या म्हादेवीच्या हापिसातलं न्हवं?"

"व्हय."

"मी तिची अव्वा." त्या मनापासून हसल्या. पोरीनं घरी माझ्याबद्दल काहीच सांगितलेलं नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं. मी थर्मामीटरकडं बघत राहिलो.

"लई बरं वाटतंय बघा आज," त्या म्हणाल्या. पदरानं मान पुसली, आजूबाजूच्या दोघी-तिघींकडं बघितलं. त्याही मशिन थांबवून माझ्याकडंच बघत होत्या.

"साहेब," अव्वा म्हणाल्या, "उद्याबी या की मोजायला."