खदीजाभाभींचा डबा

दिघ्याच्या आमच्या चाळीत मारोतीइतका शिकलेला आणि मारोतीइतका डोकं खाणारा दुसरा माणूस नव्हता. जवळच्या एका केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत तो कामाला होता, आणि घरी आला तरी प्रयोगशाळा त्याच्या डोक्यातून उतरायची नाही. "माणूस म्हणजे काय? पाणी, कोळसा आणि थोडा चुना. बाकी सगळे मनाचे खेळ," असं तो चहा पिता पिता सुनवायचा. चहा माझा असायचा.

त्र्याऐंशी साली त्याने आईला, गिरजाबाईंना, परभणीकडच्या गावाहून आणलं. पंखा घेतला, गॅस घेतला, नवी गादी भरून घेतली. आईवर त्याचा फार जीव. तिने आता कायमचं इथेच राहावं, एवढंच त्याला हवं होतं. पण महिन्याभरात गिरजाबाईंनी जाहीर केलं, "सोमवारी मला गाडीत बसवून दे."

"इथे काय कमी आहे तुला?"

"कमी काई नाई, लेकरा. गावात मी कुनाची काकी हाय, कुनाची आत्या हाय. हितं मी कोन हाय?"

"तू तीच आहेस ना! गाव बदललं म्हणून माणूस बदलतं का?"

गिरजाबाईंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मला हसू आवरेना.

त्याच आठवड्यात शेजारच्या खदीजाभाभींनी सांदणांचा डबा पाठवला. भाभी उरणकडच्या. तांदळाची ही वाफवलेली गोड वडी गिरजाबाईंनी पहिल्यांदाच खाल्ली. "कशाची रं ही?"

"पिष्ट, साखर आणि पाणी," मारोती म्हणाला, आणि डबा लख्ख घासून रिकामाच परत देऊन आला.

थोड्या वेळाने भाभी दारात. "आजींना आवडलं नाय काय?"

मग काय विचारता! शेजारणीचा डबा रिकामा धाडला म्हणून गिरजाबाईंनी लेकाला माझ्यादेखत झापलं. डबा परत मागून घेतला, धपाटे थापले, भरून दिला. दोघी बराच वेळ बोलत बसल्या. मारोती मात्र दोघींचं बोलणं कान देऊन ऐकत होता, आणि हे मी प्रथमच पाहत होतो.

तरी सोमवारी गाठोडं बांधलं गेलंच. गिरजाबाई शब्दाच्या पक्क्या. सकाळीच मारोती भाभींच्या दारात जाऊन उभा राहिला. "भाभी, एक डबा द्या. काहीही घालून द्या. आई चाललीय." भाभींनी घरातला सगळ्यात मोठा डबा काढला.

तो त्याने आईपुढे ठेवला.

"काय हाय ह्यात? पिष्ट आन् पानी?"

"शेजारीण आहे, आई."

गिरजाबाई डब्याकडे बघत राहिल्या. "आता ह्यो भरून दिल्याबिगर कसं जावं मानसानं?" म्हणत त्या गाठोडं सोडायला बसल्या.

तो डबा मग कित्येक वर्षं दोन घरांत फिरत राहिला. चाळीतली पोरंसोरं गिरजाबाईंना आत्या म्हणू लागली. वयाने मी त्यांच्याच बरोबरीचा, पण धपाट्यांसाठी मीही म्हणायचो.