लग्नाविना ढावलो

यवतमाळहून आर्णीची एसटी सुटली तेव्हा ज्योती खिडकीशी आपला कागद पुन्हा पुन्हा वाचत बसली होती आणि मी तिच्याही वाटचा चिवडा संपवत होते. पुण्याच्या विद्यापीठात आम्ही दोघी सर्जनशील लेखन शिकतो, तेही दोन भाषांतून. शेवटचं लेखन दोन्ही भाषांत द्यायचं असतं. सगळ्यांनी मराठीसोबत इंग्रजी घेतली, मीही. ज्योतीनं मात्र गोरबोली (बंजारा समाजाची बोली) घेतली आणि ढावलो लिहिला. सासरी निघताना नवरी एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते, तो ढावलो. ज्योतीचा होता शिकायला निघालेल्या मुलीचा. आलेलं स्थळ नाकारून ती पुण्याला आली, तेव्हापासून याडी (आई) तिच्याशी कामापुरतंच बोलायची. लेखन देण्याआधी ते याडीनं ऐकावं, एवढ्यासाठी हा प्रवास.

आर्णीला तिचा भाऊ मोटारसायकल घेऊन आला. दोन्हीकडे तूर आणि कापूस. तांड्याच्या (वस्तीच्या) अलीकडे चिखल लागला म्हणून उतरलो, तर माझी चप्पल तुटली. पाहुणीबाई अनवाणीच पोचल्या.

याडीनं ज्वारीची गरम भाकरी आणि ठेचा वाढला. ठेच्यानं माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या, तरी मी हट्टानं दुसऱ्यांदा मागितला. मला तिनं घरच्या सगळ्यांची खुशाली विचारली. लेकीला विचारलं ते फक्त परतीची गाडी केव्हाची.

दुपारी अंगणात बाया मागच्या वर्षीची तूर पाखडत होत्या. ज्योती उभी राहिली आणि वर्गात वाचतो तशी, थांबत थांबत, कागदावरून वाचू लागली. कोणी मान वर केली नाही. मला फार वाईट वाटलं. वाचून झाल्यावर याडी सुपाकडे बघतच म्हणाली, "हे कोनाच्या गळ्यात पडून म्हनलं? कागदाच्या? ढावलो असा उभ्यानं नाई म्हनत."

ज्योतीनं कागद खाली ठेवला. याडीजवळ बसून तिच्या गळ्यात हात टाकले आणि पुन्हा सुरू केलं. या वेळी आवाज फुटला. बायांची सुपं थांबली. मध्येच याडीही त्याच चालीत गाऊ लागली. दोघी डोलत होत्या, रडत होत्या. मला एक शब्द कळला नाही, पण मीही रडले, आणि आता ठेचा नव्हता.

परतीच्या गाडीत मी विचारलं, गाताना याडी काय म्हणाली? ज्योती बराच वेळ मराठी शब्द जुळवत राहिली. मग म्हणाली, "याडी म्हने, नवऱ्याघरी जानाऱ्या लेकीसाठी रडाले मले शिकवलं होतं. आपल्या मनानं जानाऱ्या लेकीसाठी कसं रडावं, हे कोनी शिकवलंच नाई. म्हनून मी गप होती."

मग तिनं तोच ढावलोचा कागद उलटा करून मांडीवर ठेवला आणि याडीचे शब्द लिहायला घेतले.

माझं लेखन दोन्ही भाषांत केव्हाच तयार होतं. ते कुणाच्या गळ्यात पडून म्हणायचं, हे मात्र पुणं आलं तरी ठरेना.